काउंटी शोच्या रिंगमध्ये जाण्याआधी: रायडरचे कपडे आणि घोड्याचं टॅक (खोगीर-लगामाचा साज), पहिल्यापासून शेवटपर्यंत

इंग्लंडमधल्या काउंटी शोंना (काउंटीगणिक भरणारी शेतीची आणि जनावरांची प्रदर्शनं) शोइंग क्लासमध्ये, म्हणजे घोडा दाखवण्याच्या स्पर्धेत, पहिल्यांदा उतरणाऱ्यांच्या चुका दरवर्षी त्याच त्याच असतात. कपडे महागाचे असतात पण क्लासला चुकीचे. ब्रायडल (घोड्याच्या डोक्यावरचा लगामाचा साज) चकाचक असतं पण उलटं जोडलेलं. सॅडलला (खोगिराला) आदल्या रात्री भरभरून तेल लावलेलं असतं आणि सकाळी ते सगळं पिवळ्या ब्रीचेसवर (घट्ट रायडिंग पँटवर) उतरतं. आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये किंवा पुण्यात शिकून इकडे आलेले लोक आणखी एक गोष्ट करतात, पांढऱ्या ब्रीचेस, काळा कोट आणि सॅडलखाली चौकोनी पांढरं पॅड घेऊन येतात. तो पोशाख शो-जंपिंगचा आणि ड्रेसाजचा (ठरलेल्या चाली करून दाखवण्याच्या स्पर्धेचा). शोइंगमध्ये तो घालून गेलात तर तुम्ही नियम वाचलेले नाहीत हे जजला लांबूनच कळतं.

सगळं काही एका गोष्टीवरून ठरतं. शोइंगमध्ये जज घोड्याची ठेवण, चाल, वागणूक बघतो, आणि बऱ्याच क्लासमध्ये स्वतः बसूनही बघतो. म्हणून तुमच्या अंगावरची आणि घोड्यावरची प्रत्येक वस्तू स्वच्छ, मापाची आणि लक्ष वेधून न घेणारी हवी. हे एवढं पक्कं धरलं तर दुकानात अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

टप्पा १: आधी क्लास ठरवा, मग खरेदी

बहुतेक जण इथेच उलटं करतात, आधी जॅकेट घेतात आणि मग विचारतात की हे कुठल्या क्लासला चालेल. असं करू नका. शोचं शेड्यूल उघडा, तुमचा क्लास कुठल्या संस्थेच्या नियमांनी चालतो ते बघा (पोनीचे क्लास बरेचदा ब्रिटिश शो पोनी सोसायटीच्या, हॅक, कॉब आणि रायडिंग हॉर्सचे ब्रिटिश शो हॉर्स असोसिएशनच्या नियमांनी चालतात) आणि त्या संस्थेचं चालू वर्षाचं रूलबुक घ्या. मागच्या वर्षीचं नको, मैत्रिणीने सांगितलेलं तर अजिबात नको, कारण बिट (घोड्याच्या तोंडातला धातूचा भाग), स्पर (बुटाच्या टाचेला लावायची आर), काठीची लांबी, हॅटचं स्टँडर्ड यात बदल होत राहतात.

मोठ्या माणसांसाठी ढोबळ चित्र असं असतं:

हंटर (शिकारीच्या दौडीसाठीचा दमदार घोडा): ट्वीडचं जॅकेट, बफ किंवा फिकट पिवळ्या ब्रीचेस, साधे लांब बूट. घोड्याची आयाळ गुंफलेली, ब्रायडल साधं, नोजबँड (नाकावरची पट्टी) रुंद आणि सपाट, कपाळपट्टी साध्या चामड्याची. कुठेही रंग नाही, चमकी नाही.

कॉब (बुटका, भरदार घोडा): रायडर हंटरसारखाच. घोड्याची आयाळ मात्र पूर्ण कातरलेली असते. उंची १४८ सेंटिमीटरच्या वर आणि १५५ पर्यंत. ब्रायडल भरभक्कम हवं, कारण नाजूक पट्ट्या कॉबच्या रुंद चेहऱ्यावर हरवून जातात.

हॅक (डौलदार, नाजूक बांध्याचा सवारीचा घोडा): नेव्ही किंवा काळं जॅकेट, पिवळ्या ब्रीचेस. इथे ब्रायडल नाजूक आणि कपाळपट्टीवर मखमलीचा रंग चालतो, खरं तर शोभतोच.

माउंटन अँड मूरलँड, म्हणजे डार्टमूर, एक्समूर, वेल्श, कॉनेमारा, न्यू फॉरेस्ट, हायलँड, फेल, डेल्स, शेटलँड अशा देशी जाती: ट्वीड, साधं ब्रायडल, आयाळ आणि शेपूट नैसर्गिक. गुंफायची नाही, रंगीत कपाळपट्टी नाही.

मुलांमध्ये शो पोनी आणि शो हंटर पोनी या दोघांची गल्लत सगळ्यात जास्त होते. शो पोनीला नेव्ही जॅकेट, पिवळे जोधपूर आणि रंगीत कपाळपट्टी. शो हंटर पोनीला ट्वीड आणि साधं चामडं. दोन्ही क्लास एकाच दिवशी असतील तर दोन ब्रायडल नसली तरी दोन कपाळपट्ट्या लागतीलच. लीड रेन (मोठं माणूस दोरीने पोनी धरून चालतं) आणि फर्स्ट रिडनला (मूल पहिल्यांदा एकटं चालवतं) फक्त स्नॅफल (साधं, एका लगामाचं) बिट, आणि लीड रेनमध्ये दोरी नोजबँडला लावायची, बिटला नाही. जी आई किंवा जो बाबा पोनी धरून चालणार त्यांचेही कपडे बघितले जातात: नीटनेटका पोशाख, हॅट, हातमोजे, आणि धावता येईल असे सपाट बूट.

तपासा: क्लासचं नाव, संस्था, चालू रूलबुक, परवानगी असलेले बिट. ही चार उत्तरं कागदावर लिहून झाल्याशिवाय एकही पैसा खर्च करू नका.

टप्पा २: कपडे मापाचे करून घ्या, तेही सॅडलवर बसून

हॅटपासून सुरुवात करा कारण तिथे सुरक्षेचा प्रश्न आहे. काळ्या किंवा नेव्ही मखमलीची, आत सध्या मान्य असलेल्या स्टँडर्डचं लेबल हवं, उदाहरणार्थ पीएएस ०१५, व्हीजी१, एएसटीएम एफ११६३ किंवा स्नेल ई२०१६, आणि कुठलं वर्ष व कुठला शिक्का चालतो ते रूलबुकमध्ये जुळवून घ्या. जुन्या हॅटवर नुसतं ईएन १३८४ लिहिलेलं असेल तर ती चालणार नाही. हॅट सेकंडहँड कधीच घेऊ नका, आधी कुणाच्या डोक्यासकट ती जमिनीवर आपटली असेल तर बाहेरून काही दिसत नाही. घोड्यावर असताना पट्टा कायम लावलेला, कलेक्टिंग रिंगमध्ये वाट बघतानासुद्धा.

जॅकेट मात्र सेकंडहँड बिनधास्त घ्या. चांगलं ट्वीड वर्षानुवर्षं टिकतं, मुलांची तर वाढ इतकी भराभर होते की वापरलेली जॅकेट अगदी नव्यासारखी मिळतात. पण माप आरशासमोर उभं राहून बघू नका. सॅडलवर बसा, लगाम धरल्यासारखे हात पुढे घ्या आणि मग बघा. बाही मनगटाच्या हाडापर्यंत येते का, पाठीत ताण येतो का, मागचा भाग सॅडलवर बसून वर ढकलला जातो का. उभं असताना छान बसणारं जॅकेट बसल्यावर बाहीला दोन इंच आखूड निघतं, हे नेहमीचं आहे.

ट्वीडचा रंग घोड्याशी जुळवा, स्वतःशी नाही. चेस्टनट (तांबूस) घोड्यावर हिरवट-तपकिरी छान दिसतो, ग्रे (पांढरट-करड्या) घोड्यावर निळसर छटा. भडक चौकटी नकोत.

शर्ट साधा, फिकट. टाय शर्टला पिन केलेला, नाहीतर कँटरमध्ये (हलक्या दौडीत) तो खांद्यावरून मागे उडतो. हातमोजे तपकिरी किंवा काळे चामड्याचे, पण एक विणलेली सुती जोडी बॅगेत ठेवाच कारण पावसात ओला चामड्याचा लगाम चामड्याच्या मोज्यातून सटकतो, आणि इकडचा उन्हाळा म्हणजे पाऊस धरूनच चालायचं.

मोठ्यांचे बूट लांब आणि साधे, वर गार्टर स्ट्रॅप (गुडघ्याखालचा चामडी पट्टा), स्ट्रॅपचं टोक बाहेरच्या बाजूला. स्पर घालायला परवानगी असेल तर त्यांची मान खाली वळलेली हवी, वर नाही. मुलांना जोधपूर बूट, गुडघ्याखाली तपकिरी गार्टर स्ट्रॅप, आणि जोधपूर वर सरकू नये म्हणून बुटाखालून क्लिप किंवा इलॅस्टिक.

केस हेअरनेटमध्ये, एकही बट बाहेर नको. लहान मुलींच्या दोन वेण्या आणि रिबन चालते, रिबनचा रंग कपाळपट्टीशी जुळवतात. कानातले, बांगड्या, साखळ्या सगळं काढा, मंगळसूत्र काढायचं नसेल तर शर्टाच्या आत पिनने अडकवा.

सावधान: लाल किंवा काळा हंट कोट, स्टॉक (गळ्याला बांधायचं पांढरं कापड) असा औपचारिक पोशाख मोठ्या फायनल्सच्या संध्याकाळच्या क्लासचा आहे, म्हणजे हिकस्टेडचा रॉयल इंटरनॅशनल किंवा बर्मिंगहॅमचा हॉर्स ऑफ द इयर शो. काउंटीला सकाळच्या हंटर क्लासमध्ये ट्वीडच घाला.

टप्पा ३: टॅक निवडा आणि बसवून बघा

सॅडलची फ्लॅप (बाजूला लोंबणारं चामडं) जितकी पुढे झुकलेली तितका घोड्याचा खांदा झाकला जातो, आणि खांदा तर जजला बघायचाच असतो. म्हणून सरळ किंवा जवळपास सरळ फ्लॅपचं सॅडल. पण सरळ फ्लॅप हवी म्हणून घोड्याच्या पाठीला न बसणारं सॅडल आणलं तर तुमचंच नुकसान, पाठ दुखणारा घोडा कान मागे घेऊन चालतो आणि मग खांदा कितीही दिसला तरी काय उपयोग. आधी सॅडल फिटरकडून माप, नंतर दिसणं.

ज्या क्लासमध्ये जज स्वतः बसतो (हंटर, हॅक, कॉब, रायडिंग हॉर्स) तिथे सॅडल त्याच्यासाठीही हवं. तुम्ही सडपातळ असाल आणि १६ इंचाच्या सॅडलवर आरामात बसत असाल, पण सहा फुटी जज त्यात अडकून बसेल आणि तुमच्या घोड्याची राइड त्याला वाईट वाटेल. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते रिकिबीच्या पट्ट्यांकडे. त्यांना खाली आणि वर भरपूर भोकं हवीत. उंच जजला पट्टी पुरली नाही, की रिंगच्या मध्यभागी सगळ्यांसमोर खोळंबा होतो. घरीच एकदा सगळ्यात उंच माणसाला आणि सगळ्यात बुटक्या माणसाला बसवून बघा.

सॅडलखाली पॅड घालायचंच असेल तर पातळ, सॅडलच्याच आकाराचं आणि त्याच रंगाचं. पायांना बूट, बँडेज नाहीत. फ्लॅट क्लासमध्ये (जिथे उड्या नसतात) मार्टिंगेल (घोड्याला डोकं फार वर करू न देणारा पट्टा) नाही. रिकिबी साध्या स्टीलच्या, मुलांना सेफ्टी रिकीब.

डबल ब्रायडल वापरणार असाल तर त्याला वेगळा वेळ द्या, कारण चुका इथेच ढिगाने होतात. दोन बिट असतात: पातळ ब्रॅडून वर, वेमथ खाली. ब्रॅडूनचा लगाम रुंद, वेमथचा अरुंद. ब्रॅडूनच्या पट्टीचं बकल उजव्या बाजूला येतं, म्हणजे दोन्ही गालांवर बकलं सारखी दिसतात. कर्ब चेन (हनुवटीखालची साखळी) उजवीकडे फिरवत फिरवत पूर्ण सपाट करा आणि मग अडकवा, एक कडी जरी आडवी राहिली तरी ती हनुवटीला टोचते. वेमथची दांडी साधारण ४५ अंश मागे आली की चेन लागायला हवी, त्याआधी लागली तर घट्ट, खूप उशिरा लागली तर ढिली. लिप स्ट्रॅप (साखळी जागेवर धरणारी बारीक पट्टी) चेनच्या मधल्या सुट्या कडीतून ओवायचा. नोजबँडखाली दोन बोटं जायला हवीत, गळपट्टा आणि गालाच्या मध्ये चार बोटं उभी.

तपासा: पट्ट्यांची सगळी टोकं कीपरमध्ये (टोक अडकवायच्या चामडी कडीत) गेलेली, दोन्ही बाजूची बकलं एका उंचीवर, कपाळपट्टी कानाच्या मुळाला कापत नाही.

सावधान: घोड्याला डबल ब्रायडलची सवय नसेल तर शोच्या तोंडावर सुरू करू नका. नियमात बसत असेल तर शांतपणे स्नॅफलमध्ये किंवा पेलहॅममध्ये (दोन्ही बिटांचं काम एकाच बिटमध्ये) जा. जीभ बाहेर काढून डोकं झटकणाऱ्या घोड्यापेक्षा ते कधीही बरं.

टप्पा ४: एक आठवडा आधी, चामड्याची खोल सफाई

सफाईचा मोठा दिवस शोच्या आदला दिवस नव्हे, आठवडाभर आधीचा. कारण तेल चामड्यात मुरायला वेळ लागतो, आणि एखादी शिवण उसवलेली सापडली तर ती दुरुस्त करून घ्यायला दिवस हवेत.

१. ब्रायडल सुटं करण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक बकल कितव्या भोकात होतं ते लिहून ठेवा.

२. सगळं सुटं करा. कोमट पाण्यात स्पंज घट्ट पिळून घाम आणि माती पुसा. चामडं पाण्यात बुडवायचं नाही. बकलांखाली आणि सॅडलच्या आतल्या बाजूला काळे चिकट गोळे जमतात, ते नखाने किंवा घोड्याच्या केसांच्या गुंडीने घासून काढा, सुरीने नाही.

३. ग्लिसरीनचा सॅडल सोप. वडी थोडी ओली करा, स्पंज नाही. फेस आला तर पाणी जास्त झालंय, आणि तो फेस भोकांत आणि शिवणीत पांढरा वाळतो. भोकं टूथपिकने मोकळी करा.

४. चामडं कोरडं वाटत असेल तर कंडिशनर, पातळ थर, मुख्यतः आतल्या खडबडीत बाजूने, ती जास्त शोषून घेते. सॅडलच्या सीटवर आणि फ्लॅपच्या बाहेरच्या बाजूला जवळपास नाहीच.

५. धातू. बिटच्या बाहेरच्या कड्या, दांड्या, रिकिबी मेटल पॉलिशने चकचकीत करा, पण तोंडात जाणारा भाग फक्त पाण्याने. पॉलिशची चव घोड्याला लागते आणि मग तो रिंगभर तोंड वाकडं करत राहतो.

६. शिवणी ओढून बघा. तंगाच्या पट्ट्या, रिकिबीच्या पट्ट्या, लगाम जिथे बिटला जोडतो ती जागा, चामडं जिथे दुमडतं तिथे भेगा. डाव्या रिकिबीची पट्टी चढण्यामुळे ताणून लांब झालेली असते, दोन्ही पट्ट्या शेजारी टांगून भोकं जुळवा, फरक असेल तर त्यांची बाजू बदला.

शोच्या आदल्या दिवशी फक्त हलका सोप आणि कोरडं फडकं. सीटवर आणि फ्लॅपवर पांढरा जुना रुमाल जोरात घासून बघा, त्यावर तपकिरी डाग आला तर तो उद्या ब्रीचेसवर येणार, पुसत राहा. बुटांचंही तसंच आहे, पिंढरीच्या आतल्या बाजूला ओलं पॉलिश लावू नका, ते सॅडलला चिकटतं.

टप्पा ५: पूर्ण पोशाखात एक रंगीत तालीम

हा टप्पा गाळणारे सर्वात जास्त आणि त्याचा फटकाही सर्वात जास्त. आठवडाभर आधी, सफाई झाल्यावर, सगळं घालून, सगळं लावून बसा. वॉक, ट्रॉट, कँटर, दोन्ही दिशांनी, आणि जागा असेल तर थोडं गॅलप. कुणाला तरी बाजूने आणि मागून व्हिडिओ काढायला सांगा. जॅकेट फडफडतं का, घोडा त्याला बिचकतो का, हॅट पुढे सरकते का, काठी हातात नीट बसते का, पाठीवरचा नंबर सरकतो का हे सगळं तेव्हाच कळतं.

जज बसणार असेल तर अनोळखी रायडरला बसवा, तेही जमिनीवरून पायाला हाताचा आधार देऊन चढवून, कारण तिथे बरेचदा माउंटिंग ब्लॉक (चढायचं स्टूल) नसतो. आणि सॅडल काढून, नुसत्या ब्रायडलवर धरून, सरळ रेषेत चालवून आणि ट्रॉट करून आणा. तुम्ही पुढे बघून पळायचं, घोड्याकडे वळून बघितलं की तो थांबतो.

टप्पा ६: पॅकिंग

ब्रायडल बॅगेत, सॅडल कव्हरमध्ये, जॅकेट सूट कव्हरमध्ये. सगळं वेगवेगळं, चारा आणि हूफ ऑइलपासून (खुरांना लावायच्या तेलापासून) लांब. जादा सामानात तंग, रिकिबीच्या पट्ट्या, हातमोजे, हेअरनेट दोन-तीन, सेफ्टी पिना, सुई आणि आयाळीच्या रंगाचा दोरा, नंबर बांधायला गडद नाडी, बेबी वाइप्स भरपूर. स्ट्रिपसाठी (रिंगमध्ये सॅडल उतरवून घोडा दाखवतात त्यासाठी) वेगळी छोटी बादली: बॉडी ब्रश, टॉवेल, ओला स्पंज, कोरडं फडकं. घोड्याचा पासपोर्ट सोबत हवाच, फ्लूच्या लसींची नोंद अनेक काउंटी शोंना गेटवरच बघतात, तारखा आधी तपासा.

टप्पा ७: शोच्या सकाळचा क्रम

क्रम चुकला की तयारी वाया जाते. आधी घोडा, शेवटी तुम्ही. ब्रीचेसवर ओव्हरऑल किंवा जुनी ट्रॅकपँट चढवा आणि ती शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका.

१. क्लासला लागत असेल तर आयाळ गुंफा, हिरवे-पिवळे डाग धुवा.
२. टॅक लावा. तंग हळूहळू आवळा, एकदम नाही.
३. हॅट, हातमोजे आणि जुनं जाकीट घालून वॉर्म-अप करा. घोड्याला किती वेळ लागतो ते तुम्हालाच माहीत, पण घामाने चिंब घोडा रिंगमध्ये नको.
४. क्लासच्या पंधरा-वीस मिनिटं आधी ओव्हरऑल उतरवा, जॅकेट, टाय पिन, नंबर. बुटांचे तळवेसुद्धा पुसा.
५. घोड्याचं तोंड पुसा, बिटवरचा हिरवा फेस पुसा, डोळे-नाकपुड्या स्वच्छ स्पंजने. रिकिबी आणि फ्लॅपवरून कोरडं फडकं.
६. हूफ ऑइल सगळ्यात शेवटी, कलेक्टिंग रिंगपाशी. लॉरीपाशीच लावलं तर येईपर्यंत खुरांवर धूळ आणि गवताचा लेप बसतो.
७. तंग पुन्हा एकदा. वॉर्म-अपनंतर तो हमखास ढिला होतो.

टप्पा ८: रिंगच्या आत, स्ट्रिपच्या वेळी

सगळे घोडे आधी एकत्र फिरतात, मग रांगेत उभे राहतात. जज बसणार असेल तर तुम्ही उतरून रिकिबी त्याच्या मापाने बदलायला तयार राहा, गोंधळू नका, भोकं आधीच मोजलेली असतात. नंतर घोडे स्ट्रिप करतात आणि या वेळी मदतनीस बादली घेऊन आत येतो. त्याचेही कपडे नीट हवेत, जीन्स आणि टी-शर्ट नको, आणि त्याला हॅट लागते का तेही रूलबुकात बघा.

सॅडल उतरवून मागे गवतावर उभं ठेवा, रिकिबी वर सरकवलेल्या. तंगाखालचा घामाचा पट्टा आधी टॉवेलने, मग ब्रशने सारखा करा, एवढ्यावरच घोड्याचं रूप बदलतं. रांगेत उभे असताना शेजारच्या घोड्याच्या मागच्या पायांपासून अंतर ठेवा, मदतनिसालाही तेच सांगून ठेवा. डबल ब्रायडल असेल तर धरून चालवताना ब्रॅडूनच्या लगामाने धरा, वेमथच्या लगामावर ओढ नको.

दाखवून झालं की सॅडल परत लावा, पॅड वर उचलून पाठीच्या कण्यावरून मोकळं करा, तंग आवळा, दोन पावलं चालवा आणि पुन्हा आवळा. बरेच घोडे सॅडल चढवताना पोट फुगवतात, आणि शेवटच्या फेरीला निकालाच्या घाईत चढताना सॅडल फिरून पडण्याचे प्रकार इथेच होतात. मग जॅकेटवरचे केस झटका, नंबर सरळ करा, चढा आणि स्टुअर्डच्या (रिंगमधल्या व्यवस्थापकाच्या) इशाऱ्याकडे लक्ष ठेवा.